आखूड संच

(स्वयंपाकघर. सून उद्याच्या व्याख्यानाची तालीम सासूसमोर करते आहे.)

सासू: थांब गं, डोक्याचा पार भुगा झाला माझ्या. बेडूक दोन होते की एक?

सून: आधी दोन, वेगवेगळ्या जातींचे. त्यांचा संकर झाला आणि पिल्लांत दोघांचेही गुणसूत्रांचे पूर्ण संच आले.

सासू: म्हणजे सगळं दोन-दोन. मी इथं राहायला आल्यावर आपल्या ओट्याचं झालं, तसं.

सून: अगदी तसं! हे उद्या सांगतेच. मग लाखो वर्षांत एक संच जवळजवळ होता तसा राहिला. दुसऱ्यातली जनुकं गळत गेली, तो आखूड झाला.

सासू: का?

सून: एकानं काम भागतं ना. दुसरं गेलं तरी पत्ता लागत नाही.

सासू: हं. माझा मिक्सर कुठाय?

सून: तो... देऊन टाकला, आई. दोन होते म्हणून.

सासू: मला लागला बरं का पत्ता.

सून: चुकलंच माझं. विचारायला हवं होतं.

सासू: मिक्सर मरू दे. उद्या भाडेकरूला माझ्या घराची किल्ली द्यायचीय. लेक म्हणतो, देऊन मोकळी हो. पण दिली की परतीची वाट बंद. म्हणून विचारते, आखडला तो कोण? मागून आलेला ना?

सून: मागून कुणी आलंच नव्हतं. दोघं एकदमच आले.

सासू: मग त्याच्याच वाट्याला हे का?

सून: अंदाज आहेत. नक्की कुणालाच माहीत नाही.

सासू: एवढी शिकलीस, आणि चारचौघांत हे सांगणार? एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, एवढं मीही सांगितलं असतं.

सून: पण राहिल्यात ना! निम्म्याहून जास्त जनुकं अजून दोन्हीकडे आहेत. काहींनी तर कामं वाटून घेतलीत.

सासू: आत्ताच म्हणालीस, गळतात!

सून: गळतातही, टिकतातही. माझाही गोंधळच आहे, आई.

सासू: मला भीती वाटते गं. आज मिक्सर, उद्या माझी खुर्ची. एक दिवस मी इथं आहे हेच कुणाच्या ध्यानात येणार नाही. बोल ना. राहू की जाऊ?

सून: राहा. आणि किल्लीही देऊ नका.

सासू: हे काय उत्तर झालं? एका बाईला दोन घरं कशाला?

सून: असू देत, आई.