चष्म्यावरची वाफ

कोरियन हॉटेलात मी जागेसाठी थांबले होते. जवळच्या टेबलावर दोघी शिवणकामवाल्या, बाह्यांना दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. मध्ये टोफूचा लालभडक रस्सा रटरटत होता.

"उकळी आहे तोवर अंडं फोड. नंतर शिजत नाही ते."

"फोडते."

"अगं, रश्शात. भातावर काय फोडलंस? लक्ष कुठंय तुझं? थांब, माझ्या चष्म्यावर वाफ आली, पुसते."

"नको पुसूस. आता कसं दिसतंय, सांग."

"लाल ढग. त्यात पांढरं काहीतरी तरंगतंय. दिव्यांचे गोळे झालेत. स्वप्नात जेवायला बसल्यासारखं वाटतंय गं."

"आणि मी?"

"तू म्हणजे नुसता रंग. नाक नाही, डोळे नाहीत."

"तीन महिने झाले, मला तू अशीच दिसतेस."

"म्हणून बटणांची काजं माझ्याकडे सरकवतेस होय. मला वाटलं, कंटाळा करतेस."

"मालकिणीला सांगू नकोस."

"वेडी आहेस का? सरकवत जा गुपचूप. हे घे माझं अंडं. हात इकडे आण, रश्शाचं भांडं इथे आहे. हां, आता फोड."

"पडलं?"

"बरोबर मधोमध."

"पूस आता चष्मा. जेव."

"राहू दे. बसते जरा वेळ तुझ्याजवळ, या ढगातच."