छकुलीचा रिपोर्ट आणि पुष्पांजलीताईंचा प्रश्न

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय हिंमतराव, आज सेवानिवृत्त होत असलेल्या सत्कारमूर्ती बालरोगतज्ज्ञ डॉ. पुष्पांजलीताई, उद्यापासून त्यांच्या खुर्चीवर बसणारे डॉ. प्रेमानंद, व्यासपीठावरील मान्यवर, परिचारिका भगिनी, आणि याच दवाखान्यातून आपापली लेकरं हसती-खेळती घरी नेलेल्या माझ्या आयाबायांनो, बंधूंनो,

मी उंद्रीच्या शाळेतला निवृत्त मराठी शिक्षक. साऱ्या वर्गाने एका सुरात कविता म्हणावी, बाहेर पत्र्यावर निंबोळ्या टपटपाव्यात, आणि मी हातात खडू धरून तसंच उभं राहावं... असो. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. माझेच विद्यार्थी ते. तास संपण्याआधी घड्याळ पाहायची सवय जुनीच आहे!

परीक्षेत मी एक प्रश्न हमखास घालायचो : संदर्भासह स्पष्टीकरण द्या. सुटी ओळ कितीही गोड असो, कोण, कुणाला, कुठल्या प्रसंगी म्हणालं हे कळल्यावाचून तिचा अर्थ लागत नाही. हे मी जन्मभर शिकवलं. पण अशा एका सुट्या ओळीवर लेकराचा जीव टांगलेला असू शकतो, हे मात्र मला ताईंच्या वॉर्डात उमगलं.

माझी नात छकुली, म्हणजे माझ्या भागवतची मुलगी. गेल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाई. ताईंनी तिला श्वासाच्या यंत्रावर घेतलं. आता हा आजार विषाणूचा की जिवाणूचा? विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, आणि जिवाणू असेल तर त्यावाचून लेकरू हातचं जातं. वरून पाहिलं तर दोन्ही सारखेच. तोच ताप, तीच धाप, एक्स-रेवर तोच पांढरा ढग. म्हणून ताईंनी उत्तराची वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू केलं आणि तपासण्या पाठवल्या.

रिपोर्ट आले. नाकातल्या नमुन्यात विषाणू सापडला. जिवाणू उगवतात का ते पाहायला रक्त ठेवलं होतं, त्यात काहीच उगवलं नाही. भागवत तो कागद घेऊन ताईंसमोर उभा राहिला. "म्याडम, जिवाणू नाईच म्हनते ना रिपोर्ट? मंग हे इंजेक्शनं काऊन देऊन राह्यले तुमी? फुकटचं अँटिबायोटिक वाईट असते, मी वाचलं हाय."

ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "भागवतभाऊ, तुमचं वाचलेलं खरं आहे. मलाही बंद करायचंय. पण ताप हटत नाही. विषाणू सापडला म्हणून त्याच्या मागून जिवाणू शिरलेच नाहीत, असं होत नाही. येण्याआधी घरी काय औषध दिलं होतं?"

"काईच नाई," भागवत म्हणाला. सून नाही म्हणाली. छकुलीची आजी, आमच्या सौभाग्यवती रुखमाबाई, यांनीही नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या कुणी तेवढ्यावर इंजेक्शन थांबवलं असतं. ताई मात्र रुखमाबाईंजवळ बाकावर येऊन बसल्या. "काकू, लेकरू एवढं तापलं होतं. तुमच्या जागी मी असते तर मी काहीतरी दिलंच असतं. तुम्ही काय दिलं?"

मंडळी, आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. एका लेकराचं उरलेलं औषध विरजणासारखं घरोघर फिरतं. रुखमाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. "देल्लं व्हतं माय. शेजारच्या गोकुळच्या घरून बाटली आनली व्हती. त्याचं पोरगं बरं झालं व्हतं ना त्यानं."

"अवं माय, मंग सांगतलं काऊन नाई?" भागवत ओरडला.

"तू बोलू देतं का बे कोनाले!"

ताई हसल्या, पण हातातला कागद त्यांनी बाजूला ठेवला. "तणनाशक मारलेल्या वावरातली माती कुंडीत भरली आणि तण उगवलं नाही, म्हणून वावर साफ झालं का, भागवतभाऊ? अर्धवट औषधानं रक्तातले जिवाणू दबले असतील. फुफ्फुसातले जिवंत असतील."

त्यांनी सोनोग्राफी केली. फुफ्फुसाशेजारी पाणी साचलं होतं. सुई घालून काढलं, तर तो पू निघाला. नळी टाकली, अँटिबायोटिक बदललं. ताप उतरला, यंत्र निघालं, आणि छकुलीने पहिली मागणी केली ती कुरमुऱ्यांची!

पण ताई म्हणजे सगळ्यांना इंजेक्शन, असं समजू नका. शेजारच्या खाटेवर मोताळ्याचा प्रेम नावाचा मुलगा होता, त्यालाही न्यूमोनियाच. त्याच्या आईने सगळं खरं सांगितलं होतं, घरून काही दिलेलं नव्हतं. तपासण्या स्वच्छ, लेकरू सावरत होतं. ताईंनी त्याचं अँटिबायोटिक थांबवलं, तर त्याचे आजोबा जानराव भांडायला आले, "पोरगं वाऱ्यावर सोडलं का?" ताई त्यांच्यासमोरही तितक्याच ठाम उभ्या राहिल्या. तोही बरा होऊन घरी गेला.

उंद्रीत आता आम्ही ठरवलं आहे, आणि ठरवलं म्हणजे ठरवलं. उरलेली बाटली मागायला कुणी आली, तर रुखमाबाई तिला चहा पाजतात, बाटली देत नाहीत. पदर खोचून तिच्यासोबत दवाखान्यात जातात. शेजारच्या गावांतही आम्ही हे सांगत फिरणार आहोत. माझे गुडघे तक्रार करतात, करू देत.

ताई, तुम्ही आमची नात आम्हाला परत दिलीत. कवितेवर प्रेम करणारा मी, पण आज शब्द तोकडे पडतात. उंद्रीच्या घराघरांतून आणलेला हा नमस्कार स्वीकारावा.

आयोजकांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, हे उपकार मोठे. कुणाचं नाव राहिलं असेल, कुठे मान कमी पडला असेल, तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला. आणि डॉ. प्रेमानंद, घरून काय दिलं असं तुम्ही विचाराल, तेव्हा भीतीपोटी आमचं पहिलं उत्तर 'काहीच नाही' असंच येईल. तेही पोटात घाला. पण डॉक्टर, तेवढ्यावर उठू नका. जवळ बसा, आणि पुन्हा विचारा.