बघा, चाचपा, वाजवा, ऐका

सन छत्तीस. धुळ्याच्या एका दवाखान्याच्या ओट्यावर आम्ही रांगेत बसलो होतो. पुण्याला डॉक्टरकी शिकणारा एक विद्यार्थी सुट्टीत तिथं हात बसवायला येई. माझ्यापुढे सोनगीरच्या सासू-सुना होत्या. तो सासूसमोर बसला.

"काय होतंय, अक्का?"

"खोकला, भाऊ. महिना व्हयी गया. काल रगत पडनं. पन मी काय सांगस—"

"थांबा. आमचे सर म्हणतात, आधी बघा, मग चाचपा, मग वाजवा, शेवटी ऐका. क्रम चुकला की मार्क गेले."

"वाजवा?"

"पाठ वाजवायची. बोटानं, अशी."

"आमी बजारमा मडकं इकत लेतांना वाजाडतस, तसं?"

"अगदी तसंच! पोकळ कुठं, भरलेलं कुठं, ते कळतं. आता मोठा श्वास घ्या."

"लिधा. पन भाऊ—"

"बोलू नका, नळी लावलीय. वा, अक्का! छाती खणखणीत आहे तुमची. कुठं काही नाही."

"ते माले ठाऊक शे. तुन्हं ऐकनं व्हयी गयं का?"

"झालं की."

"मंग आते मन्हं ऐक. खोकला माले नही, हाई मन्ही सूनले शे."