घड्याळाचा सेल

मेंदूच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायचा होता. शेजारच्या बाकावर एक आई आणि तिचा तिशीतला मुलगा बोलत होते.

"मागच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले, कळलं का रे तुला?"

"मेंदूतल्या काही पेशींचं कामच बाकीच्यांना गप्प करायचं असतं. माझ्या त्या ढिल्या पडल्या असाव्यात, म्हणाले."

"वर्गातल्या मॉनिटरसारख्या?"

"हो. माझा मॉनिटर डुलक्या काढतो."

"म्हणून तर मी सगळं घर गप्प केलं. रेडिओ माळ्यावर टाकला, घड्याळाचा सेल काढला. तुझे बाबा तर शिंक आली की जिन्यात जातात."

"आई, रागावणार नाहीस ना?"

"बोल की."

"घड्याळात सेल घाल परत."

"अरे, त्या टिकटिकीचा त्रास होईल ना तुला!"

"घर गप्प झालं की माझ्या डोक्यातले आवाजच तेवढे उरतात. टिकटिक तुलाही ऐकू येते. ती खरी आहे, एवढं तरी मला कळतं."

"बरं रे, घालते. घरी गेल्या गेल्या घालते."

"आणि बाबांना सांग, घरातच शिंका म्हणावं. चांगलं जोरात."