नैनाचे बूट

(ईडन प्रेरी, मिनेसोटा. जानेवारीतली दुपार. मोरेश्वर यांच्या घरातली लॉन्ड्री रूम. त्यांचा उजवा पाय प्लास्टरमध्ये, स्टुलावर ठेवलेला. दारात पद्मिनी, हातात चिखलाने माखलेल्या बुटांची पिशवी.)

पद्मिनी: म्हणून म्हटलं, जाता जाता हे डोनेशनला टाकून देते. तुम्ही फक्त नैनाला सांगा, की काकांनीच द्यायला सांगितले. तुमचं ऐकते ती.

मोरेश्वर: असे देणार? चिखलासकट?

पद्मिनी: मग काय, पूजा करू त्यांची?

मोरेश्वर: दान द्यायचं तं स्वच्छ करून द्यावं, वहिनी. जुने कपडे देतानाही इस्त्री करून देता तुम्ही, तुमचा नवराच सांगत असतो मला. या आत. तिथे सिंक आहे, त्याच्याखाली ब्रश आहे. माझा पाय असा अडकून पडला, नाही तं मीच केलं असतं.

पद्मिनी: मी शिकारीच्या बुटांना हात लावू?

मोरेश्वर: आयुष्यभर ऑपरेशन थिएटरात पेशंटना भूल दिली तुम्ही. हाताला काय काय लागलं असेल! हा तं नुसता चिखल आहे.

पद्मिनी: भाऊजी, मी चेष्टेच्या मूडमध्ये नाहीये. आमच्या घरात कधी कोणी अंडं फोडलं नाही. आणि माझी मुलगी, शाळेत पोरांना ट्रम्पेट वाजवायला शिकवणारी, थंडी पडली की बंदूक घेऊन तुमच्याबरोबर फेझंट पक्षी मारायला जाते. तेही गिळलं मी. म्हटलं, मोठी आहे, तिचं ती बघेल. पण आता तुम्ही पडलात. उद्या ती पडेल.

मोरेश्वर: चुकीचं नाही तुमचं. बसा त्या खुर्चीवर. आधी ओला न करता कोरडाच घासा, माती सुटेल तेवढी सुटू द्या. शिवणीच्या बाजूने घासा, शिवणीवर आडवा ब्रश नका मारू.

पद्मिनी: यांना लेस कुठेयत? आमच्या गराजमध्ये काढून ठेवले तिने, तेव्हाही नव्हत्या.

मोरेश्वर: माझ्या पायाला होत्या.

पद्मिनी: म्हणजे?

मोरेश्वर: नैनाने काय सांगितलं तुम्हाला?

पद्मिनी: काका बर्फावर घसरले, घोटा मोडला, मी हॉस्पिटलला घेऊन गेले. झालं. नंतर शाळेच्या कॉन्सर्टच्या गडबडीत. फोनवर पण, आय अ‍ॅम फाइन आई, बाय आई.

मोरेश्वर: एवढंच? बाप्पा! अहो, घसरलो काय, मी आत गेलो.

पद्मिनी: आत कुठे?

मोरेश्वर: पाण्यात. दलदलीत पाणकणसाचं रान होतं, सगळं गोठलेलं. मला वाटलं पक्कं आहे. पण खाली झरा होता कुठे तरी, बर्फ पापडासारखा. कंबरेपर्यंत गेलो आणि पाय खालच्या चिखलात पिळवटला. कडकन आवाज आला, तो मी ऐकला. तुमचा ब्रश थांबला, वहिनी. चालू ठेवा, नाही तं मला सांगता नाही येणार.

पद्मिनी: घासतेय. बोला.

मोरेश्वर: मी ओरडून राहिलो. नैना होती दूर, आमच्या मिरी कुत्रीच्या मागे. धावत येईल असं वाटलं. नाही आली. उभी राहिली. आधी स्वतःची बंदूक उघडून रिकामी केली. मग काठावर माझी पडली होती, ती रिकामी केली. दोन्ही कोरड्या जागी ठेवल्या. मिरीला बस म्हणाली, ती बसली. आणि मग पोटावर झोपली बर्फावर, आणि सरकत सरकत आली. तोंडाने एकच, काका, माझ्याकडे बघा. काका, माझ्याकडे बघा. तेव्हा मला राग आला होता, की मी मरून राहिलो आणि ही बंदुका आवरते! आता कळतं.

पद्मिनी: घाबरलेला माणूस दुसऱ्याला वाचवू शकत नाही. आम्ही पहिल्याच दिवशी शिकवायचो हे नवीन डॉक्टरांना. अर्ध्यांना जमायचं नाही.

मोरेश्वर: आता ते आतले सोल बाहेर काढा. हो, ओढा, निघतात. आणि कोमट पाणी घ्या, गरम नाही. डबीतला साबण फडक्यावर. चामड्याचा साबण आहे तो. भांड्यांचा घेतला तं सगळं तेल शोषून घेईल चामड्यातलं.

पद्मिनी: किती वर्षांचे आहेत हे?

मोरेश्वर: तिला नोकरी लागली तेव्हाचे. तळवे दोनदा बदलले, वरचं चामडं तेच. आमच्या ग्रुपमध्ये लोक दर दोन-तीन वर्षांनी नवीन घेतात, हिचे तेच. सीझन संपला की पहिल्या शनिवारी घेऊन बसते. यंदाच नाही बसली.

पद्मिनी: का नाही?

मोरेश्वर: ते तिला विचारा. साबण पुसून घ्या आता ओल्या फडक्याने.

पद्मिनी: बाहेर कसं काढलं तुम्हाला?

मोरेश्वर: जाकीट काढून त्याची बाही माझ्या काखेतून घेतली आणि ओढलं. एकदा तिच्याखालचाही बर्फ मोडला, तीही गुडघ्यांपर्यंत गेली. माझा बूट राहिला खाली, चिखलाने धरून ठेवला. काठावर आलो तं एका पायात नुसता ओला मोजा. फोन थंडीने बंद. मग तिने ते जाकीट गुंडाळलं, माझ्या घोट्याभोवती असं उशीसारखं बसवलं, आणि बुटांच्या लेस काढून बांधलं.

पद्मिनी: उशीसारखं? दोन्ही बाजूंनी वर घेऊन? बोटं मोकळी ठेवून?

मोरेश्वर: हो. इमर्जन्सीतली डॉक्टर विचारत होती, हे कोणी बांधलं, तुम्ही नर्स आहात का. नैना म्हणाली, नो, आय टीच बँड.

पद्मिनी: ती दुसरीत होती, भाऊजी. स्केटिंग करताना पाय मुरगळला. मी सोफ्यावरची उशी बांधली होती तिच्या पायाला, ह्यांच्या दोन नेकटायनी. रडत होती नुसती. मला वाटलं, काही बघत नाहीये.

मोरेश्वर: बांधताना म्हणालीच ती, आईने केलं होतं तसं करते, हलू नका. मानेवर बोटं ठेवून नाडी पण बघत होती मधूनमधून. तिला मोजता येते का मला माहीत नाही. पण मला बरं वाटून राहिलं होतं.

पद्मिनी: येते. मी शिकवली होती. मला वाटायचं मेडिकलला जाईल... कुठून निघतंय हे पाणी, शी! अजून काळंच येतंय.

मोरेश्वर: येऊ द्या. मग मला पाठुंगळीला घेतलं.

पद्मिनी: तुम्हाला?

मोरेश्वर: आता मी आहेच किती! शेताच्या पलीकडे कच्चा रस्ता होता. नांगरलेलं शेत, वर बर्फ. बुटांना लेस नाही, दर पावलाला टाच आतून उचलली जायची, फटाक फटाक आवाज. मला झोप यायला लागली. तं म्हणाली, काका, झोपायचं नाही, एकोणतीसचा पाढा म्हणा. मी म्हटला. मग म्हणे पावकी म्हणा. मी म्हटली. चुकलो असतो तरी तिला कळलं नसतं, तिला कुठे येते पावकी! पण जरा थांबलो की लगेच, पुढे, काका, पुढे.

पद्मिनी: अशी रागावते ती मुलांवर बँडच्या प्रॅक्टिसला. ऐकलंय मी.

मोरेश्वर: शेवटी एक पिकअप आला. ती मला खाली ठेवायला तयार नाही. तो ड्रायव्हर म्हणे, मॅम, आय हॅव हिम, यू कॅन लेट गो. दोनदा म्हणावं लागलं त्याला.

पद्मिनी: ते दुसरं फडकं द्या जरा.

मोरेश्वर: वहिनी?

पद्मिनी: काही नाही. साबण डोळ्यात गेला. आता काय करायचं? हीटरच्या व्हेंटवर ठेवू?

मोरेश्वर: नाही नाही! चामडं तडकेल. वाळायला वेळ द्यायचा, बस. आत कागद कोंबा, त्या जाहिराती पडल्यात ना. ओले झाले की बदलायचे. आणि जरासा ओलावा असतानाच मेण लावायचं. तो डबा. मधमाशीचं मेण आहे त्यात. फडकं नको, बोटांनी लावा, हाताच्या गरमीने वितळतं. थोडंच घ्या. जास्त लावलं तं चामडं ढिलं पडतं, घोट्याला आधार नाही देत.

पद्मिनी: असं?

मोरेश्वर: शिवणीत घाला जरा. आणि जिथे सोल आणि वरचं चामडं जुळतं, तिथे. पाणी तिथूनच शिरतं. वा! तुमचा हात बघा. नैनापेक्षा सफाईदार.

पद्मिनी: रंग कसा आला हो. मला वाटलं होतं काळेच आहेत. हे तर चिंचोक्यासारखे निघाले.

मोरेश्वर: दर वर्षी थोडे आणखी छान दिसतात.

पद्मिनी: आणि ही घडी इथे, बोटांच्या वर. डाव्या पायाची जास्त खोल आहे. डाव्या पायावर जोर देऊन चालते ती, लहानपणापासून. पायाचा फोटोच आहे हा.

मोरेश्वर: डोनेशनवाले खूश होतील.

पद्मिनी: भाऊजी, मला अजूनही हे आवडत नाही. पक्षी मारणं मला नाही आवडणार कधीच, आणि ती तिकडे गेली की माझा जीव थाऱ्यावर नसतो. हे तिला तुम्ही नाही, मीच सांगणार, दर वर्षी.

मोरेश्वर: सांगा नं. आईच आहात तुम्ही.

पद्मिनी: पण बूट तिचे आहेत. ती ठरवेल. पुढचा सीझन येईपर्यंत ठेवायचे कुठे हे? बेसमेंटमध्ये?

मोरेश्वर: दमट असतं तिथे, बुरशी येईल. प्लॅस्टिकच्या पिशवीतही नको. कोटांच्या कपाटात ठेवा, खाली, हवा लागेल असे. मधे एकदा, उन्हाळ्यात, काढून बघायचे. एवढंच मागतात बिचारे.

पद्मिनी: आमच्या पुढच्या दाराजवळच्या कपाटात जागा आहे. आणि लेस आणते मी नवीन. एक विचारू? पाण्यात तीही गेली होती म्हणालात. तिच्या मोज्यांचं काय? जास्तीचे नेले होते ना?

मोरेश्वर: एक जोडी होती.

पद्मिनी: मग?

मोरेश्वर: ती माझ्या पायात होती, वहिनी. दोन्ही मोजे एकावर एक, त्याच पायात.

पद्मिनी: म्हणजे ती शेत चालून आली ती ओल्या मोज्यांनी, लेस नसलेल्या बुटांत, जाकीट नाही, पाठीवर तुम्ही?

मोरेश्वर: हॉस्पिटलमध्ये मी सांगितलं तिला, तूही दाखवून घे. म्हणे, आय अ‍ॅम फाइन, काका. मिरी का भुंकून राहिली? तीच आली असेल. शुक्रवारी शाळा सुटली की माझं दूध-भाजी आणून देते.

नैना: काका, केळी नव्हती हां चांगली, सो मी संत्री आणली, नागपूरची नाहीत, कंप्लेन करायचं नाही. आई? तुझी कार बघितली बाहेर. एव्हरीथिंग ओके? आणि हे... माझे बूट? वेट, हे तू केलंस?

पद्मिनी: काकांनी सांगितलं तसं केलं. मेण अजून मुरतंय, हात नको लावू.

नैना: ओ माय गॉड, आई. हे इतके सुंदर कधीच नव्हते. मी करणारच होते, पण पाय दुमडून बसायला जरा... बिझी होते.

पद्मिनी: बसायला जरा काय?

नैना: नथिंग. बिझी होते.

मोरेश्वर: मी सगळं सांगितलं, बेटा. रागावू नको.

नैना: काका! यार, मी मुद्दाम नव्हतं ना सांगितलं तिला.

पद्मिनी: नैना, ये इकडे. बस त्या खुर्चीवर.

नैना: आई, प्लीज, लेक्चर नको. आय नो, डेंजरस आहे, आय नो तुला...

पद्मिनी: लेक्चर नाही देत. बूट काढ. मोजे पण.

नैना: इट्स नॉट दॅट बॅड. फक्त दोन बोटं जरा बधिर आहेत. आणि रात्री जळजळतात.

पद्मिनी: रंग काय आहे?

नैना: आधी पांढरी होती. आता... पिंक. मोस्टली.

पद्मिनी: परत येतायत म्हणजे. जळजळ होते ती त्याचीच. सोमवारी माझ्याबरोबर येशील, माझ्या ओळखीची डॉक्टर आहे एक, तिला दाखवू. मला का नाही गं सांगितलंस?

नैना: तू म्हणशील, बघ, सांगत होते ना.

पद्मिनी: म्हटलं असतं. नक्की म्हटलं असतं. आणि मग पाय बघितले असते.

नैना: आई, तुझे हात सगळे मेणाने भरलेत.

पद्मिनी: असू दे, गरम आहेत. ठेव पाय इथे, माझ्या मांडीवर. दोन्ही.