घोडीचे जोडे अन् रोहिणखेडचा नवरदेव

माहेर माहं मेहकरच्या तिकडचं. बाप शेतकरी, पन दारात घोडी होती, बाप बाजाराले तिच्यावरच जाय, म्हनून मले घोडीचं भेव कधी वाटलं नाई. लगन होऊन देऊळघाटले आली तं इथं म्हशीशिवाय जनावर नाई. मंग एका वर्षी आमचा बुढा, म्हंजे माहा नवरा, यात्रेत गोऱ्हा आनाले गेला अन् घोडी घेऊन आला. काय सांगू तुम्हाले भाऊ, सासू तीन दिवस कोनाशी बोलली नाई, म्हंजे घरात तेवढीच शांतता.

चांदणी नाव ठेवलं. बुढा तिले वरातीत नेये, नवरदेव बसवाले. मंग त्याचे गुडघे गेले अन् लगाम माह्या हाती आली. लोकं म्हनत, अरे बाप्पा, बाई घोडी धरून राह्यली! मी म्हनो, काऊन, घोडीही बाईच हाये ना.

पन चांदणीले एक खोड. ताशा वाजला का नाचते, अन् नाचता नाचता मांगचा खूर पुढच्या पायाच्या नळीवर आपटते. एकदा असं लागलं का पाय रगतानं भरला. जनावराचे डाक्टर म्हने, पुन्हा तिथंच लागलं तं नस जाईन, घोडी जल्माची लंगडी होईन, तिले पायात जोडे घाला, खुरावर नाई, नळीवर बांधाचे. खोटं काऊन सांगू, मी गोठ्यात बसून रडली. सासू गेली तवा एवढी नव्हती रडली.

बुढ्यानं मोबाइलवरून जोडे मागवले. आले ते हे मोठाले, कोन्या विलायती घोड्याचे असतीन, चार पावलं चालली तं चारही जोडे पैंजनावानी खुरावर उतरले. म्हनलं, माप काऊन नाई घेतलं? तं म्हने, घोडीचा काय नंबर असते का वं? मंग मीच शिवले. वरून कातडं, आतून लोकरीचा मऊ नमदा. घालाच्या आधी पाय पुसाचा, माती राह्यली तं घासते. केसं खाली बसवाचे. पट्टा बाहेरच्या अंगानं, टोक मांगं. अन् आतमंदी एक बोट गेलं पाह्यजे, ढिला तं फिरते, घट्ट तं पाय सुजते. पह्यल्यांदा घातले तं चांदणी पाय उचलू उचलू टाके, जशी चिखलातून चालून राह्यली, अन् लोकं म्हने घोडीचा नवा डान्स हाये!

तं रोहिणखेडले लगन होतं. नवरदेव मास्तर, लय लाजरा. मारुतीच्या देवळाशी वरात थांबली, तो दर्शनाले गेला, अन् मी चांदणीचे पाय गार व्हावे म्हनून जोडे काढून वट्यावर ठेवले. तिथंच चुकली. साळ्या नवरदेवाचे जोडे लपवतात, तुम्हाले ठावं हाये, पन त्याच्या दोस्तायनं ते आधीच गाडीत कुलपात टाकले होते. पोट्ट्यायले काई सापडेना, तं त्या घोडीचेच जोडे घेऊन पयाल्या!

इकडं ताशा सुरू, अन् चांदणीचे पाय थुईथुई. मी लगाम दोन्ही हातानं धरली अन् ताशेवाल्याले वरडली, आता एक काडी पडली तं ताशा फोडीन. नवरदेवाचा बाप म्हने, चाला वं बाई, मुहूर्त टयून राह्यला. मी म्हनलं, माही घोडी अनवाणी निंगत नाई. तो म्हने, साऱ्या दुनियेतले घोडे अनवाणीच असते! म्हनलं, मंग दुनियेतला आना.

पोट्ट्या म्हने, जोडे देतो, पन नवरदेवानं आपल्या हातानं घोडीले घालाचे. मास्तर बिचारा, डोक्याले बाशिंग, हातात कट्यार, बसला गुडघ्यावर. पह्यला जोडा घातला तं पट्टा आतून. म्हनलं, जावईबुवा, काढा. पुन्हा घातला. म्हनलं, बोट घाला. जात नाई म्हने. म्हनलं, काढा. बाशिंग नाकावर आलं, बाप घड्याळ पाह्यते, पोट्ट्या हसू हसू बेजार. पन चौथा जोडा त्यानं असा बसवला का मलेही तसा जमत नाई. तेवढ्यात चांदणीनं वाकून त्याच्या फेट्याचा तुरा खाल्ला. मंग मांडवापर्यंत ते अशी नाचली, अन् पायाले खरचटलंही नाई. पोट्ट्यायनं सारं सांगतलं तं नवरी मांडवात आपल्या आत्याले म्हने, मानूस धीराचा दिसते.

आता चांदणी म्हातारी होऊन राह्यली, वराती कमीच घेतो. सकाळी उठलं का आधी तिले जोडे, मंग बुढ्याच्या गुडघ्याले डाक्टरानं देल्ले पट्टे. पाय पुसतो, पट्टा बाहेरून, आत एक बोट. तोही पह्यल्या दिवशी अंगनात पाय उचलू उचलू चालला, म्हनलं, नवा डान्स हाये का? तो म्हने, माह्या आधी घोडी काऊन? म्हनलं, ते लाथ मारते, तुम्ही नुसते बोलता.

दोघंही सुखी राहो, भाऊ. देवाले एकच म्हनतो, मले या दोघायच्या मांगून ने. नाई तं यायच्या पट्ट्यात बोट घालून कोन पाह्यन?