धाकटीची इंग्रजी किळस

माझ्या धाकट्या जावेचं कौतुक मला सांगूच नका, मी तिच्याबरोबर एका घरात राहते. मी लग्न होऊन हेंद्रेपाड्यात आले, तेव्हा पहिल्याच रविवारी सासूबाईंनी बोंबलांची पाटी पुढ्यात ठेवली. मी म्हटलं, "मला किळस येते."

"नखरे माहेरी ठेवून यायचे," त्या म्हणाल्या. तेव्हापासून मासे मीच साफ करते.

मग धाकटी आली, उल्हासनगरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. बोंबील बघून दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, "आई, आय रिकॉइल!" म्हणजे माझीच किळस, फक्त इंग्रजीतून.

सासूबाई अख्ख्या आळीला सांगत सुटल्या, "काय फाडफाड इंग्लिश बोलते गो माझी सून!" जशी मी त्यांची कुणी नाहीच. मोरीतल्या झुरळाला बघून धाकटी 'फ्लिंच' होते, म्हणजे दचकते, म्हणून मोरीही माझ्याकडेच.

माझा नुसता जळफळाट. शेवटी लेकीकडून तो शब्द शिकून घेतला आणि घोकला. परवा रविवारी विळी बाजूला सारली, तिच्यासारखीच मागे सरले आणि ठसक्यात म्हटलं, "आई, आय रिकॉइल!"

सासूबाईंचा चेहरा असा फुलला! म्हणाल्या, "अगो बाई, तुलापण येतं की! आता असंच बोलत बोलत तेवढे बोंबील साफ कर."